चोवीस गुरू आणि मुक्त लेखक

मुक्त लेखन करणाऱ्या माणसाची वर्षभराची कात्रणे एकत्र पाहिली, तर एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभ्या न राहणाऱ्या गोष्टी तिथे शेजारी येतात. हिंदी चित्रपटाच्या संगीतावरचा लेख, त्याखाली गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचा वृत्तान्त, मग एखाद्या वेब मालिकेचे परीक्षण, बंद पडत चाललेल्या एकपडदा चित्रपटगृहाची हकिकत, मिसळीच्या रश्श्यावरचे टिपण आणि मधेच कुठेतरी काकड आरतीला जमणाऱ्या भजनी मंडळाविषयी चार पाने. अशा माणसाला एकच काहीतरी धरून बस असा सल्ला हटकून मिळतो. सल्ला देणारा धार्मिक वळणाचा असला, तर तो याहून कडक बोलतो. त्याच्या मते हे चित्ताचे भटकणे आहे, आणि भटकणाऱ्या चित्ताला देव भेटत नाही, ज्ञानही भेटत नाही. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो केवळ लेखकांपुरता नाही. नाटक, सिनेमा, क्रिकेट, खाणेपिणे, गल्लीतला गणपती या सगळ्यांत जीव गुंतलेल्या प्रत्येकाला तो लागू होतो. जगातल्या नाना गोष्टींत मनापासून रस असणे साधनेच्या आड येते का? माझे उत्तर आहे, येत नाही. आपल्याच परंपरेने अशा रसाला साधनेचा मान दिला आहे. त्याला एक अट मात्र आहे, आणि ती सोपी नाही.

आधी आक्षेपाची बाजू पूर्ण मांडू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात निश्चयी बुद्धी एक असते आणि अनिश्चयी माणसांच्या बुद्धीला अगणित फाटे फुटतात, असे भगवान अर्जुनाला सांगतात. पातंजल योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. त्यांतल्या पहिल्या तिन्ही योगाला उपयोगी नाहीत. दूर उत्तर आफ्रिकेत संत ऑगस्टिन यांनीही ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या प्रकरणात हीच चिंता मांडली. कुतूहलाला ते डोळ्यांची वासना मानतात. नाटकांची ओढ सुटली तरी कुतूहल सुटले नाही, अशी कबुली ते देतात आणि उदाहरण देतात घरच्या पालीचे आणि कोळ्याचे. पाल माशी पकडते आहे, कोळी जाळ्यात आलेल्या माशीला गुंडाळतो आहे, आणि आपले मन तिथेच अडकून पडते, याचा त्यांना विषाद वाटतो. त्या दृश्यावरून आपण पुढे ईश्वराच्या स्तुतीकडे वळतो हे ते मान्य करतात. पण लक्ष गेले ते स्तुतीसाठी गेले नव्हते, आणि पडून चटकन उठणे वेगळे, मुळात न पडणे वेगळे, असे त्यांचे म्हणणे आहे. एवढा प्रामाणिक आणि बारकाईने केलेला विचार सहज बाजूला सारता येत नाही.

पण तोच कोळी भागवतात गुरू झाला आहे. एकादश स्कंधाच्या सातव्या ते नवव्या अध्यायांत यदू राजा आणि अवधूत यांचा संवाद येतो. तुझ्या अंगी हे समाधान कुठून आले, असे राजा विचारतो आणि अवधूत आपल्या चोवीस गुरूंची यादी सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी इथपासून ती सुरू होते, म्हणून सुरुवातीला ती भारदस्त वाटते. पुढे मात्र ती थेट रस्त्यावर उतरते. पिंगळा नावाची वेश्या तीत आहे, गळाला लागलेला मासा आहे, पोळ्यातला मध काढून नेणारा माणूस आहे, आपल्याच नादात खेळणारे मूल आहे. घरात एकटीच असताना पाहुणे आले म्हणून साळी कांडायला बसलेली एक उपवर मुलगी आहे. कांडताना बांगड्या वाजतात, घरचे दारिद्र्य पाहुण्यांना कळेल म्हणून ती लाजते आणि हातात एकेकच बांगडी उरेपर्यंत बाकीच्या काढून ठेवते. एकटे राहण्याचा धडा अवधूताला गुहेत मिळाला नाही, तो दुसऱ्याच्या घरातल्या या आवाजातून मिळाला. तो तिथे कसा पोचला, याचे कारणही त्याने सांगून ठेवले आहे: लोकांचे तत्त्व जाणून घ्यावे या इच्छेने आपण लोकांत फिरत होतो. मुक्त लेखकाच्या कामाचे याहून नेमके वर्णन मला ठाऊक नाही.

या यादीत एकाग्रतेचाही गुरू आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्याच्यापाशी येऊन थांबतो. बाण घडवणारा एक कारागीर कामात इतका बुडालेला होता की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळले नाही. एकाग्रतेवरच्या प्रवचनांत हा दृष्टान्त वारंवार येतो आणि तो बाणवाल्याच्या बाजूने सांगितला जातो. ते योग्यही आहे. पण ही गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी? बाणवाल्याला स्वारी दिसली नाही, तेव्हा स्वारी गेली हे सांगणारा तो नव्हे. अवधूताने स्वारीही पाहिली आणि बाणवालाही पाहिला. दोघांकडे लक्ष असलेला कोणी त्या रस्त्यावर नसता, तर एकाग्रतेचा हा धडा जगाला मिळालाच नसता. अनेक गोष्टींकडे पाहणे आणि एका गोष्टीत बुडणे या परस्परविरोधी वृत्ती आहेत असे आपण धरून चालतो. भागवतात मात्र पहिली दुसरीपर्यंत घेऊन जाते. ऑगस्टिन ज्याला पडणे म्हणतात ते अवधूताच्या लेखी पडणे नाहीच. कोळी आपल्या आतूनच धागा काढतो, त्यावर विहरतो आणि पुन्हा तो गिळून टाकतो हे नीट पाहिल्यावर त्याला विश्वाच्या उत्पत्ती-लयाची कल्पना येते. लक्ष ईश्वरासाठी गेले नव्हते हे खरे, पण ते पुरेसा वेळ तिथे टिकले.

हा संवाद मराठीत आणला एकनाथांनी. एकादश स्कंधावरची त्यांची टीका, म्हणजे एकनाथी भागवत, अठरा हजारांहून अधिक ओव्यांची आहे आणि ती 1573 मध्ये काशीत पूर्ण झाली. पुढे 1584 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची निरनिराळ्या प्रतींत बिघडलेली पाठसंहिता शुद्ध केली. हे काम बाणवाल्याच्या जातीचे आहे: मान वर न करता करायचे. त्याच हातांनी भारुडेही लिहिली. त्यांत वासुदेव आहे, जोशी आहे, गोंधळ आहे, जोगवा आहे, विंचू चावल्याची बोंब आहे. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या रस्त्यावर जे जे करमणुकीचे आणि पोट भरण्याचे प्रकार चालत, त्यांची ही नोंदच म्हणायला हवी. ते प्रकार कसे बोलतात, कुठे थांबतात, लोक कुठे हसतात हे उभे राहून ऐकल्याशिवाय असे लिहिता येत नाही. लोकांच्या तोंडी बसावे म्हणून अध्यात्म त्या साच्यांत ओतले, असे स्पष्टीकरण देतात. मला ते अपुरे वाटते. नुसता साचा हवा असता तर दोन-तीन पुरले असते. एवढ्या विविध सोंगांकडे लक्ष गेले, याचा अर्थ त्या माणसांविषयीच प्रेम होते. तुकोबांच्या गाथेतही फुगडी, हुतूतू आणि विटूदांडू आहेत. महानुभावांनी तर स्थळांनाच पावित्र्य दिले. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा त्या पाहिलेल्या-ऐकलेल्यांकडून गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले, आणि स्थानपोथीत स्वामी कुठे थांबले याच्या गावागणिक नोंदी आहेत. स्थानिक तपशील गोळा करणे हीच तिथे भक्ती होती.

आजची लोकप्रिय करमणूक त्या दर्जाची नाही, असे कोणी म्हणेल. सरसकट बोलायचे तर ते खरे आहे. पण धर्म कुठे घडतो हे पाहायचे असेल तर तिच्याकडे पाठ फिरवून चालत नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 चा. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन आणि विष्णुपंत पागनीसांची भूमिका यांनी कित्येक पिढ्यांच्या मनातले तुकोबांचे रूप पक्के केले. त्यातले एक पद शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले होते. ते इतके साधले की पुष्कळ लोक त्याला तुकोबांचाच अभंग समजू लागले. 1975 मध्ये ‘जय संतोषी माँ’ आला. चपला बाहेर काढून प्रेक्षक चित्रपटगृहात शिरू लागले, पडद्यावर फुले आणि नाणी उधळू लागले, आणि शुक्रवारचे गूळ-चण्याचे, आंबट वर्ज्य असलेले व्रत घरोघर पसरले. या दोन घटनांची दखल ज्याने चित्रपटाचे पान सांभाळता सांभाळता घेतली, त्याने धर्माच्या अभ्यासाची सामग्रीच जपून ठेवली.

आता सर्वांत जड आक्षेप. तो अवधूताच्या यादीतूनच येतो. पतंग रूपाला भुलून ज्योतीत पडतो, हरिण गाण्याला भुलून पारध्याच्या हाती लागते, मासा चवीपायी गळाला लागतो, हत्ती स्पर्शापायी खड्ड्यात पडतो. विवेकचूडामणीत हाच दाखला एक पायरी पुढे नेला आहे: एकेका विषयाने हे प्राणी मरतात, मग पाचही विषयांत गुंतलेल्या माणसाचे काय होणार? आजच्या मोबाइलकडे पाहता हा प्रश्न जिवाला लागतो. अंगठ्याने वर सरकवत राहायचे, एक रील संपली की दुसरी, गाणे, मारामारी, पाककृती, कीर्तन, सगळे एकाच तालात. यातही विषयांची विविधता आहे, आणि तिला मी साधना म्हणणार नाही. पण या दोन विविधतांत फरक आहे. पतंग ज्योतीकडे पाहत नाही, तो तिच्यात पडतो. गाणे कोण म्हणतो आहे, कशासाठी म्हणतो आहे, हे विचारायला हरणाजवळ सवड नसते. तेच हरिण आणि तोच पतंग अवधूतानेही पाहिले, आणि तो जिवंत राहून यदूशी बोलतो आहे. पुढची रील मी निवडत नाही, ती माझ्यासमोर आणून टाकली जाते, आणि मागची काय होती हे मला सांगता येत नाही. जे पाहिले त्याविषयी दुसऱ्याला कळेल अशी चार खरी वाक्ये सांगता येणे, ही इथली कसोटी आहे. लेखकाचे काम त्याला रोज याच कसोटीवर उभे करते. अट कठीण आहे म्हणालो ती हीच: प्रत्येक विषयापाशी तो गुरू ठरेपर्यंत थांबायचे, आणि त्याने काही शिकवले तर ते आपल्या वागण्यात येऊ द्यायचे. गीतेतल्या त्या श्लोकापुढचे तीन श्लोकही यासोबत वाचावेत. तिथे टीका आहे ती भोग आणि ऐश्वर्य यांच्या मागे लागून कर्मफळांची गणिते मांडणाऱ्यांवर. फाटे फुटतात ते इच्छांना. पाहण्याला फाटे फुटू नयेत असे भगवान कुठे म्हणत नाहीत.

अवधूत निरिच्छ होता, मुक्त लेखक मानधनावर जगतो, संपादक सांगेल त्या विषयावर लिहितो, मग तुलना कशी होणार, असेही विचारता येईल. मानधनात मला काही गैर दिसत नाही. बाण घडवणाराही बाण विकतच असणार. धोका वेगळा आहे. विषय कोणताही असो, मजकूर तोच, अशी सवय लागली की माणूस पाहणे सोडून देतो, आणि अपुऱ्या व उशिरा मिळणाऱ्या मानधनामुळे ती सवय लवकर लागते. यावर अवधूताचा भुंगा आठवावा. लहानमोठ्या सर्व शास्त्रांतून, फुलाफुलातून घ्यावा तसा, सार घ्यावे, एका घरावर भार टाकू नये आणि साठा करू नये, असे तो शिकवतो. आपल्याकडची माधुकरीची प्रथा नाव आणि रीत दोन्ही तिथूनच घेते. पुण्यात कित्येक गरीब विद्यार्थी माधुकरी मागून शिकले, आणि दहा घरांच्या अन्नावर शिकलेल्या त्या मुलांना कोणी विक्षिप्त चित्ताचे म्हटले नाही.

राहता राहिला खोलीचा मुद्दा. भारतरत्न पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत निघाला. असे काम आठवड्याला दोन लेख लिहिणाऱ्याकडून होणार नाही, हे निखालस मान्य. पण याच ग्रंथात तीर्थयात्रा, व्रते आणि उत्सव यांना केवढी जागा दिली आहे ते पाहावे. रा. चिं. ढेरे यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. लोकदेवता, जत्रा, ग्रामनामे, लोकगीते असे वरवर पाहता विखुरलेले विषय ते आयुष्यभर धुंडाळत राहिले. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ लिहिताना त्यांनी पंढरीच्या देवाचे मूळ शोधले, तेव्हा धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाकडे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीसारख्या ठिकाणच्या परंपरेकडे त्यांना जावे लागले. वारकऱ्यांच्या दैवताविषयीच्या मोठ्या प्रश्नाचा दुवा मेंढपाळांच्या जत्रेत सापडला. जत्रा ही किरकोळ बाब आहे, तिच्यावर वेळ दवडू नये असे मानणाऱ्याला तो सापडला नसता.

मुक्त लेखकाच्या कामाची पारख विषयांच्या संख्येवरून करू नये. त्याच्या मिसळीवरच्या टिपणात ती मिसळ करणारा माणूस आहे का, चित्रपटाच्या परीक्षणात प्रेक्षकांत बसलेली माणसे दिसतात का, भजनी मंडळावरच्या लेखानंतर त्याचे स्वतःचे ऐकणे बदलले का, हे विचारावे. उत्तर होकारार्थी असेल, तर त्याच्या कुतूहलाला चंचलपणा म्हणणे अन्यायाचे आहे. आणि ज्यांना अजूनही त्याला एकच विषय धरायला सांगावेसे वाटते, त्यांनी एकादश स्कंधाचे ते तीन अध्याय एकदा सलग वाचावेत, शक्यतो एकनाथांच्या ओव्यांतून.