रात्रीचा चोर आणि उशाशी पिस्तूल

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांपुढे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो फिरून आपल्याकडे येतो. शेजारी म्हणतो, घरात पिस्तूल ठेव; पोलीस वेळेवर येणार नाहीत आणि ते आले नाहीत म्हणून तुला कोठे दादही मागता येणार नाही. ख्रिस्ती कुटुंबप्रमुखाने यावर काय करावे?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की शेजारी खोटे बोलत नाही. १९७५ साली वॉशिंग्टन शहरात एका घरात दोन पुरुष शिरले. माडीवरच्या स्त्रियांनी पोलिसांना फोन केला. पोलीस आले, दार ठोठावले, आतून उत्तर आले नाही म्हणून निघून गेले. दुसऱ्या फोनानंतर तर कोणी आलेच नाही. त्या स्त्रियांवर पुढे कित्येक तास अत्याचार झाले. १९८१ साली तेथील अपील न्यायालयाने सांगितले की पोलिसांचे कर्तव्य सर्व जनतेप्रती आहे, अमुक एका नागरिकाप्रती नाही.

दुसरा दाखला कोलोरॅडो राज्यातील कॅसल रॉक गावचा. तो आम्ही सविस्तर देतो, कारण पिस्तुलाच्या बाजूने बोलणारे हाच दाखला वारंवार पुढे करतात आणि अर्धाच सांगतात. तेथे एका आईने विभक्त झालेल्या नवऱ्याविरुद्ध न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवला होता. मुलींना ठरलेल्या वेळी भेटण्याची त्याला मुभा होती, पण ती आगाऊ ठरवूनच. २२ जून १९९९ रोजी सायंकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास, दहा, नऊ व सात वर्षांच्या तिन्ही मुली घराबाहेर खेळत असताना, काही न कळवता तो त्यांना घेऊन गेला. साडेसात वाजता आईने पोलिसांना कळवले आणि आलेल्या शिपायांना हुकुमाची प्रत दाखवली. दहापर्यंत वाट पाहा, असे तिला सांगण्यात आले. दहा वाजून गेल्यावर सांगितले, बारापर्यंत पाहा. मध्यरात्र उलटल्यावर ती स्वतः ठाण्यात गेली. तेथे तक्रार लिहून घेणारा अधिकारी तपासाला न निघता जेवायला गेला, असे तिने आपल्या दाव्यात म्हटले आहे. पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी तो बाप ठाण्यासमोर आला व गोळ्या झाडू लागला. पोलिसांच्या गोळीने तो मेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींची प्रेते सापडली.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हुकूम मोडणाऱ्यास पोलिसांनी अटक करावी असे राज्याच्या कायद्यात लिहिले होते. तरी ती अंमलबजावणी मागण्याचा आईला घटनेने दिलेला व्यक्तिगत हक्क नाही, असा निकाल २००५ साली सात विरुद्ध दोन मतांनी झाला. आणि २००८ साली त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल बाळगणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे. म्हणजे पोलीस हक्काने मागता येत नाही, पिस्तूल मात्र हक्काने ठेवता येते! शेजाऱ्याचा युक्तिवाद येथवर बिनतोड दिसतो.

पण वाचकांनी जरा थांबून विचारावे की त्या आईच्या उशाशी पिस्तूल असते तर ते त्या दिवशी कोणत्या क्षणी चालले असते? कुलूप फुटले नव्हते. अंधार नव्हता. मुली अंगणातून गेल्या, आणि नेणारा त्यांचा बाप होता. आणि जे सांगायचे राहून जाते ते हे, की ज्या पिस्तुलातून त्याने ठाण्यावर गोळ्या झाडल्या ते त्याने त्याच दिवशी संध्याकाळी विकत घेतले होते. मनाई हुकूम आईच्या हाती होता, तरी ते त्याला विकत मिळाले. दुकानाची तीच फळी भ्यालेल्यासाठी उघडी असते आणि ज्याला तो भितो त्याच्यासाठीही.

शास्त्र या बाबतीत भोळेभाबडे नाही. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात म्हटले आहे की घर फोडताना सापडलेला चोर मार बसून मेला तर मारणाऱ्यावर खुनाचा दोष नाही. पण सूर्य उगवल्यावर मारला तर दोष आहे. शब्बाथशाळेत हे वचन सहसा शिकवले जात नाही. शिकवावे, कारण त्यात बारीक विचार आहे. अंधारात येणारा बकरीसाठी आला की जिवासाठी, हे घरधन्याला कळत नाही, आणि हाक ऐकणारा कोणी जागा नसतो. उजाडल्यावर चेहरा दिसतो, शेजार जागा होतो. त्यानंतर चोराच्या जिवालाही किंमत आहे. त्याने भरपाई करावी, मरू नये. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ४१ व्या कलमातही सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झालेल्या घरफोडीचा वेगळा विचार आहे. ३७ वे कलम सांगते की पोलिसांकडे जाण्यास अवधी असेल तर हा हक्क नाही, आणि असला तरी गरजेपुरतीच इजा करावी.

म्हणून, गावाबाहेरच्या एकाकी घरात मध्यरात्री आपल्या लेकरांसाठी हात उगारणाऱ्यास आम्ही पापी म्हणणार नाही. कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याशीही आमचा वाद नाही. रानडुक्कर काही पोलिसांना भीत नाही. आमची अडचण वेगळी आहे. बचावाचा हक्क उजाडताच संपतो, पिस्तूल मात्र घरातच राहते. ते दिवसा असते, भांडणाच्या वेळी असते, मुलाचा परीक्षेचा निकाल वाईट लागतो त्या संध्याकाळीही असते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. तेथे कोणी चोर आलेला नसतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा अशी आज्ञा आहे, नाहीतर पडून मरणाऱ्याचे रक्त त्या घरावर येते. घरात शस्त्र आणणाऱ्याने आपला कठडा कोणता, हे आधी सांगावे.

आणि पोलिसांची मर्यादा ही काही परदेशातलीच गोष्ट नव्हे. २००५ सालीच आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा झाला. न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. हा आदेश हाती असलेली बहीण आपल्या मंडळीतही असू शकेल. ११२ ला फोन लावून ती पोलिसांची वाट पाहत असेल, त्या तासाभरात तिने कोणाचे दार ठोठवावे? पाळकसाहेबांचे, वडिलांचे, की महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचे? ते नाव तिला आजच ठाऊक असले पाहिजे, आणि त्या घरच्यांनाही.