फारखत आणि शांती

शास्त्रपाठ : रोम. ५:१, मत्तय २५:२१



संडे स्कूलच्या वर्गात गलबला वाढला की आपण शिक्षक 'क्वाएट!' म्हणून टेबलावर हात आपटतो. मुले गप्प बसतात. पण गप्प बसणे म्हणजे स्वस्थ होणे नव्हे. प्रार्थनेत डोळे मिटून बसलेला मोठा माणूसही आतून किती अस्वस्थ असतो, हे आपण प्रत्येक जण स्वतःवरून जाणतो.

हा शब्द लॅटिन 'क्विएतुस' यावरून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. मूळ अर्थ, विसावलेला. त्याला पुढे आणखी एक अर्थ जडला : देण्यातून सुटलेला. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचे हिशेबपट ११३० सालापासूनचे आजही जपलेले आहेत. देणे चुकते झाले की कारकून त्यांत लिहीत, 'एत क्विएतुस एस्त', म्हणजे 'आणि हा मोकळा झाला'. आपल्याकडे अशा सुटकेच्या लेखाला फारखत म्हणत. आरोपीला निर्दोष सोडणे या अर्थाचा 'ॲक्विट' हा शब्दही याच घराण्यातला.

ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला मऊ गादी दिली तरी झोप लागत नाही. त्याला गादी नको, फारखत हवी. पौलही हाच क्रम ठेवतो : आधी विश्वासाने नीतिमान ठरणे, मग देवाबरोबर शांती. आपण तो उलटा करतो. दुखावलेल्या भावाकडे जाणे टाळतो, पाप झाकून ठेवतो आणि शांतीची गीते गातो. मग शांती कशी यावी? आपल्याविरुद्धचा लेख ख्रिस्ताने वधस्तंभाला खिळला, असे कलस्सैकरांस सांगितले आहे. कबुली आपली, फेड त्याची!

आणखी एक गोष्ट. 'क्विएतुस'च्याच मूळ धातूपासून प्राचीन इराणी भाषेत 'शियाति', म्हणजे सुख, हा शब्द झाला. एज्राच्या पुस्तकातील दारयावेश राजाच्या शिलालेखांत तो आढळतो. त्याच कुळातला फारसी 'शाद'. 'शाद बाश' म्हणजे आनंदी राहा, आणि त्यावरून आपला 'शाबास'. हिशेबाच्या दिवशी धनी विश्वासू दासाला हाच शब्द बोलतो.

म्हणून शिक्षकहो, येत्या रविवारी मुलांना गप्प करण्यापूर्वी आपण स्वतःस विचारू या : माझा हिशेब प्रभूजवळ मिटला आहे काय? ज्याला फारखत मिळाली, तोच निर्धास्तपणे सेवा करतो. आणि अशा सेवकाच्याच कानी शेवटी 'शाबास' पडेल. आमेन.