कीर्ती, भरवसा आणि मोल: एका दुर्लक्षित स्पोर्ट्स कारची प्रमाणमीमांसा

सॅन स्टॉर्म ही गोव्यातील सॅन मोटर्स या कंपनीने 1998 साली बाजारात आणलेली दोन आसनांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. तिची बॉडी फायबरग्लासची, आरेखन फ्रेंच आणि इंजिन रेनोचे 1149 सीसीचे, सुमारे 60 अश्वशक्तीचे. गाड्या मोजक्याच विकल्या गेल्या. पुढे भारतीय स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की तिचे नाव एक तर निघाले नाही, किंवा निघाले तरी लगेच एक शेरा मारून पुढे जाण्यासाठीच निघाले. तिच्याविषयी तीन विधाने ऐकू येतात: तिला नाव नाही, तिचा भरवसा नाही आणि तिला किंमत नाही. तिन्ही एका दमात बोलली जातात, पण ती एका जातीची नाहीत. नाव हा लोकांच्या बोलण्याचा विषय आहे, भरवसा हा अनुमानाचा आणि अनुभवाचा, तर किंमत किंवा मोल हा गाडी आणि माणूस यांच्यातील संबंधाचा. तिन्हींचा निकाल एकाच पुराव्यावर लावण्याची सवय जुनी आहे, आणि भारतीय दर्शनांनी ती सवय फार पूर्वीच तपासली आहे.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावात बसून हा प्रश्न विचारला, तर तो अधिक स्वच्छ दिसतो. मराठवाड्यातील अशा बाजारपेठेच्या गावात जीप, ट्रॅक्टर, पिकअप, मोटारसायकल यांचे गुणदोष ज्याला त्याला ठाऊक असतात, कारण त्या रोज वापरात आहेत आणि त्यांची इंजिने गावातच उघडली जातात. स्टॉर्मसारखी गाडी मात्र बहुतेकांनी पाहिलेलीही नसते. तिच्याविषयीचे जे काही ज्ञान इथवर पोहोचते ते सगळे शब्दांतून पोहोचते. मग प्रश्न असा: न पाहिलेल्या, न चालवलेल्या वस्तूविषयी ऐकलेले केव्हा खरे धरावे?

न्यायदर्शनात ज्ञानाची साधने चार मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पौराणिकांनी यात ऐतिह्याची भर घातली होती. पिढ्यानपिढ्या सांगत आलेली, पण मूळ सांगणारा कोण हे ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे ऐतिह्य. शास्त्रकारांचे ठरलेले उदाहरण असे: या वडावर यक्ष राहतो. नैयायिकांनी हे पाचवे साधन मानले नाही. सांगणारा आप्त असेल तर ती गोष्ट शब्दप्रमाणात जमा होते, नसेल तर ती प्रमाणच नाही. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आप्ताची, म्हणजे विश्वासार्ह सांगणाऱ्याची, व्याख्याही मोठ्या मोकळेपणाने केली आहे. ज्याला त्या वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि जो ते जसेच्या तसे सांगू इच्छितो तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. या व्याख्येनुसार ज्या मिस्त्रीने त्या गाडीचे हेड स्वतः उतरवून बसवले आहे तो आप्त ठरतो, आणि तिच्यावर लिहिणारा पण तिला हात न लावलेला जाणकार ठरत नाही. मोटारींची बहुतेक कीर्ती आणि बहुतेक अपकीर्ती वडावरच्या यक्षाच्या जातीची असते.

स्टॉर्मवरचा नेहमीचा आक्षेप तिच्या ताकदीवर आहे: 60 अश्वशक्तीची गाडी स्पोर्ट्स कार कशी? आक्षेप घेणारा स्पोर्ट्स कारचे लक्षण ताकदीत धरतो. पण इंग्लंडमध्ये 1958 साली आलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट 948 सीसीची आणि जेमतेम 43 अश्वशक्तीची होती, आणि तिला स्पोर्ट्स कार म्हणायला कोणाची हरकत नसते. म्हणजे हे लक्षण मान्यवर उदाहरणालाच लागू पडत नाही. तर्कशास्त्रात याला अव्याप्ती म्हणतात. हलके वजन, दोन आसने, जमिनीलगतची बैठक आणि वळणावर चालकाला मिळणारा थेट प्रतिसाद यांतून स्पोर्ट्स कार घडते. नावे ठेवणाऱ्यांनी लक्षण तपासलेच नाही.

अशा ऐकीव अपकीर्तीचे बोलके उदाहरण जर्मनीचे आहे. पोर्शे 924 ही 1976 पासून नेकार्सुल्म येथील कारखान्यात तयार होऊ लागली. तिचे दोन लिटरचे इंजिन ऑडीच्या घराण्यातले, आणि त्याच घराण्यातले इंजिन फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनलाही होते. तेवढ्यावरून ‘व्हॅनच्या इंजिनाची पोर्शे’ असा शिक्का बसला आणि ही ‘खरी’ पोर्शे नव्हे हे वाक्य कित्येक वर्षे तिच्या मागे लागले. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असल्याने तिचा तोल उत्तम होता. ही गोष्ट चालवणाऱ्यांना ठाऊक होती, न चालवणाऱ्यांना नव्हती.

तिच्यानंतर 1982 मध्ये आलेल्या 944 वर वेगळा ठपका आला: इंजिन दगा देते. येथे न्यायशास्त्रातील उपाधीची कल्पना नेमकी उपयोगी पडते. जेथे धूर तेथे अग्नी हे अनुमान निर्दोष आहे, पण जेथे अग्नी तेथे धूर हे नाही, कारण धुरासाठी ओले इंधन लागते. हे ओले इंधन म्हणजे उपाधी: मूळ कारणात नसलेली, पण परिणाम घडवणारी अट. 944 च्या इंजिनात कॅमशाफ्ट फिरवणारा दातेरी पट्टा असतो. तो तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबते, क्रँकशाफ्ट मात्र वेगाच्या भरात फिरत राहते, वर येणारे पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवण्याशिवाय इलाज राहत नाही. पट्टा वेळेवर बदलला, त्याचा ताण मापून ठेवला, तर हे संकट टळते. म्हणजे ‘944 आहे म्हणून बिघडते’ या अनुमानातील ओले इंधन आहे पट्ट्याकडे झालेले दुर्लक्ष. स्वस्त झालेली महाग गाडी अशा हातांत जाते की ज्यांना तिचा खर्च झेपत नाही. मग देखभाल चुकते, बिघाड होतो, बदनामी होते, गाडी आणखी स्वस्त होते आणि पुन्हा तशाच हातांत जाते. अनेक चांगल्या गाड्यांची नावे याच चक्रात बुडाली. दोष गाडीत शोधला गेला, तो होता व्यवहारात.

भरवशाचा प्रश्न त्याहून खोल आहे. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते की बाहेरून ठरते, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके वाद घालत आले. कुमारिल भट्टांच्या परंपरेत ज्ञान मुळात प्रमाणच असते, बाधक पुरावा समोर आला तरच ते अप्रमाण ठरते. नैयायिकांच्या मते प्रामाण्यही बाहेरूनच ठरते. पाणी दिसले, माणूस गेला, प्यायला, तहान भागली, म्हणजे पाहिलेले खरे होते. मृगजळ असते तर तहान तशीच राहिली असती. नव्या गाडीच्या बाबतीत गिऱ्हाईक मीमांसकासारखे वागते, ती बिघडेपर्यंत विश्वास ठेवते. जुन्या गाडीच्या बाबतीत तेच गिऱ्हाईक नैयायिक होते, आधी चालवून दाखवा म्हणते. यात विसंगती नाही. जुन्या गाडीमागे अनेक हातांचा इतिहास असतो, आणि बाधक पुरावा त्या इतिहासात दडलेला असू शकतो.

पण दूर गावी बसलेल्या माणसाने न चालवलेल्या गाडीविषयी काहीच म्हणू नये काय? नैयायिकांनी याची वाट दाखवली आहे. वस्तू स्वतः अनुभवली नसली तरी तिच्याच जातीच्या वस्तूंचा यशस्वी अनुभव असेल, तर त्या सजातीयतेवरून प्रामाण्याचे अनुमान करता येते. स्टॉर्मला बसवलेले रेनोचे इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या घरगुती गाड्यांतही होते. म्हणजे ज्या इंजिनावर लोक रोज कामावर जातात, मुलांना शाळेत सोडतात, तेच इंजिन. साधी बांधणी, प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. एवढ्यावरून तिच्या यंत्राविषयी बरे अनुमान करता येते आणि ते वडावरच्या यक्षापेक्षा कितीतरी भक्कम आहे. फायबरग्लासची बॉडी गंजत नाही, हाही कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत मोठाच गुण.

तरीही निकाल इथे संपत नाही. 1998 साली भारतात रेनोच्या मोटारींचा विक्री-दुरुस्तीचा पसारा नव्हता. महिंद्राच्या भागीदारीत लोगन रस्त्यावर आली ती 2007 मध्ये. सुटा भाग जवळ मिळत नसेल तर उत्तम इंजिनाची गाडीही महिनोन्महिने उभी राहते, आणि उभ्या गाडीला कोणी भरवशाची म्हणत नाही. कार्य घडायला मुख्य कारणाबरोबर सहकारी कारणेही लागतात, हे बहुतेक दर्शनांना मान्य आहे. भरवसा हा गाडीच्या धातूत शिरलेला गुण नाही. इंजिन, सुटे भाग, मिस्त्रीचा हात, रस्ता आणि मालकाची शिस्त यांच्या मेळातून तो उभा राहतो. स्टॉर्मचे यंत्र कमी पडले असे म्हणण्यापेक्षा तिच्याभोवतीचा मेळ कमी पडला असे म्हणणे अधिक न्याय्य आहे.

कुंभार पिंपळगावापासून थोड्याच अंतरावर जांब आहे, समर्थ रामदासांचे 1608 सालचे जन्मगाव. दासबोधात समर्थांनी प्रचीतीवर जो भर दिला तो ज्ञानाच्या याच कसोटीसाठी. ऐकीव ज्ञान कितीही मोठ्याने सांगितले तरी स्वतःच्या प्रत्ययाला आल्याशिवाय ते पोकळच, हा त्या ग्रंथात पुन्हा पुन्हा येणारा आग्रह आहे. अध्यात्मासाठी सांगितलेली ही कसोटी व्यवहारातही तितकीच खरी आहे. आठवडी बाजारात मडके घेणारे गिऱ्हाईक विक्रेत्याच्या शब्दावर थांबत नाही, बोटाने टिचकी मारते. खणखणीत नाद आला तर मडके पक्के, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर. फायबरग्लासची गाडी तपासणाराही तेच करतो. पॅनेलवर बोटे वाजवत जातो, आणि आवाज एकदम बसका झाला की तेथे पुटी भरलेली आहे हे ओळखतो. दाराच्या बिजागरीभोवती आणि बॉनेटच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील, तर रंगाखालचा थर ताणाने फुटला आहे. चकचकीत रंग डोळ्यांना फसवतो, बोटांना फसवणे अवघड असते.

येथून तिसरा आणि सर्वांत अवघड, मोलाचा प्रश्न सुरू होतो, आणि मोल नेमके कोणत्या वस्तूचे हे आधी ठरवावे लागते. दुर्मीळ गाडी दुरुस्त करताना भाग बदलतच जातात. इंजिन दुसरे, आसने नवी, टप नवा, रंग नवा. मग उरते ती तीच गाडी काय? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी हेच विचारतो. दांडा म्हणजे रथ काय? आस? चाके? या सर्वांची बेरीज? यांच्याहून वेगळे काही? प्रत्येक वेळी उत्तर नाही असे येते, आणि रथ हे अवयवांच्या आधाराने चालणारे व्यवहारातले नाव ठरते. मराठवाड्याला हा संवाद परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. जालना जिल्हा 1981 मध्ये वेगळा होईपर्यंत त्याचा बहुतेक भाग त्याच औरंगाबाद जिल्ह्यात होता.

न्याय-वैशेषिकांना नागसेनाचे उत्तर मान्य नव्हते. अवयवांहून वेगळा, त्यांच्यात समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहणारा अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, खरोखर असतो, असे ते म्हणत. पण त्यांच्यातही भट्टीतल्या मडक्यावरून मतभेद झाला. वैशेषिकांच्या मते आच लागताच कच्चे मडके परमाणूंपर्यंत विघटित होते, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांतून नवे लाल मडके तयार होते. नैयायिकांच्या मते उष्णता सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते आणि तेच मडके जागच्या जागी रंग बदलते. गाडी पार सुटी करून, चेसिस घासून पुन्हा जोडणाऱ्याची बाजू पहिल्या मताला जवळची आहे. एकेक भाग गरजेपुरता बदलत गाडी चालती ठेवणाऱ्याची दुसऱ्याला.

या वादात भारत सरकारनेही आपली बाजू नोंदवली आहे. जुलै 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी चेसिस, बॉडी आणि इंजिन हे तीन अवयव टिकले की अवयवी टिकला. व्यवहारासाठी ही रेषा ठीक आहे. तत्त्वतः ती अपुरी आहे, कारण कोणत्या मिस्त्रीने केव्हा काय बदलले याची वही तिच्यात कुठेच येत नाही. गाडीची ओळख जशी धातूत असते, तशीच ती या अखंड नोंदीतही असते.

मोलाविषयी बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा विचार उपयोगी आहे. वस्तूला स्वतःचा असा स्वतंत्र स्वभाव नाही, ती हेतू आणि प्रत्यय, म्हणजे कारणे आणि सहकारी अटी, यांवर अवलंबून असते, पण अवलंबून आहे म्हणून ती खोटी होत नाही. किंमत अशीच अवलंबून असते: दुर्मीळतेवर, घेणाऱ्याच्या आवडीवर, ऐकीव कीर्तीवर. 924 आणि 944 ची किंमत वर्षानुवर्षे पडून होती ती बदनामीमुळे, लोखंड बदलले म्हणून नव्हे. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने सत्तेची, म्हणजे अस्तित्वाची, कसोटी अर्थक्रियेत मानली: जे काही घडवून आणू शकते तेच खऱ्या अर्थाने आहे. ही कसोटी गाडीला लावली, तर कापडाखाली झाकून भाव वाढण्याची वाट पाहत ठेवलेली स्पोर्ट्स कार किंमत राखते, मोल नाही. तिची अर्थक्रिया रस्त्यावर आहे.

या तिन्ही कसोट्यांवर सॅन स्टॉर्म मोठी गाडी ठरत नाही, पण तिच्या वाट्याला आलेल्या शेऱ्यांहून बरीच चांगली ठरते. तिचे नाव ऐकिवावर बुडाले, भरवसा सुट्या भागांअभावी खचला आणि किंमत या दोन्हींच्या मागोमाग गेली. तिला ‘व्हिंटेज’चा दर्जा 2048 च्या आधी मिळू शकत नाही. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी तोवर ती चालती ठेवावी, बदललेल्या प्रत्येक भागाची तारखेसह नोंद करावी आणि काढलेले जुने भाग भंगारात न देता जपून ठेवावेत.