पुडा तोच, वजन उणें

गांवच्या दुकानांत पांच रुपयांचा बिस्किटांचा पुडा वर्षानुवर्षें पांच रुपयांसच मिळत आला आहे. गहूं, साखर, तेल महागलें. मग किंमत स्थिर कशी राहिली? पुडा हलका झाला. एफा लहान करणाऱ्या व्यापाऱ्यांचा आमोस संदेष्ट्यानें (८:५) निषेध केला. तो दोष येथें लागतो काय?

लागत नाहीं, असें प्रथम वाटेल. तो एफा पुरा म्हणून खपविला जाई. पुड्यावर तर, २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणें, निव्वळ वजन छापलेलें असतें. परंतु तें बारीक अक्षरांत. रंग व चित्र मात्र जुनेंच. म्हणजे जीभ खरें बोलते आणि चेहरा दुसरेंच सुचवितो. शेजाऱ्याच्या संवयीआड लपणें यास कायदा चोरी म्हणत नाहीं; प्रीति काय म्हणेल?

तथापि सर्व भार कारखानदारावर टाकणें न्यायाचें नव्हे. किंमत रुपयानें वाढली कीं आपणच दुसरा पुडा उचलतों. शिवाय ज्या मजुरणीच्या पदरीं पांचच रुपये उरतात, तिच्या लेंकराला लहान कां होईना, पुडा मिळतो. (हें पुण्य कारखानदाराच्या खातीं मांडावें कीं नाहीं, हें त्यानेंच जाणावें.)

शब्बाथशाळेसाठीं खाऊ घेणाऱ्या उपदेशकबंधूंनीं किंमतीस वजनानें भागून पाहावें. समजा, ५० ग्रॅमला ५ रुपये. म्हणजे किलोस १०० रुपये झाले. मग शेंगदाणे व गूळ यांचा भाव त्याच्याशीं ताडावा, आणि हें गणित मुलांकडूनच करवून घ्यावें.