सोंगात घालवलेला वेळ

कुपवाड एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून आलेला तरुण जेवण उरकतो, मोबाइल उघडतो आणि खेळात योद्धा होतो. हा वेळ सार्थकी लागला की वाया गेला?

सोंग घेणं या भागाला नवं नाही. शेजारच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं. नाटकासाठी जागवलेल्या रात्री वाया गेल्या, असं सांगलीकर कधी म्हणणार नाही.

पण नाटकाचा पडदा पडतो. ऑनलाइन खेळाला पडदाच नाही. रोजची कामगिरी, रोजचं बक्षीस आणि मागे पडण्याची धास्ती. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, इथे फळच मोजून समोर ठेवलं जातं: लेव्हल, नाणी, तलवार. त्यासाठी झोप मोडणं तोट्याचंच.

तरी गोष्ट इथे संपत नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात सुरुवातीला चाळीस-चाळीस जण मिळून एका राक्षसाशी लढत; इतरांच्या जखमा भरणारा खेळाडू मधेच उठला, तर साऱ्यांचा डाव कोसळे. हाच खेळ खेळणारा नॉर्वेचा मॅट्स स्टीन स्नायूंच्या असाध्य आजाराने व्हीलचेअरवर होता. मुलगा एकाकी जगला, असं आईवडिलांना वाटे. २०१४ मध्ये, पंचविशीत तो गेला आणि याच खेळातले सवंगडी परदेशातून अंत्यसंस्काराला आले.

लेव्हल मागे राहते, माणसं उरतात. म्हणून घरच्यांनी मोबाइल हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसावं आणि विचारावं, “कुणाबरोबर खेळतोस रे?”