पारिजातक हलवण्याआधी

झाडाजवळ जा आणि आधी नुसते उभे राहा. भिंतीलगत लावला तेव्हा पारिजातक गुडघ्याएवढा होता. आता फांद्या छपराच्या टिनांना घासतात. जागा पुरत नाही म्हणून वाढलेले झाड तोडावे, हे मला पटत नाही. कोवळी फांदी दोन बोटांत धरून फिरवा. ती चौकोनी लागते. पानावर तळवा ठेवा, खरखरीत आहे. मध्य भारतातल्या कोरड्या डोंगरउतारांवर हे झाड आपसूक वाढते, तहान त्याच्या ओळखीची आहे. म्हणूनच ते हलवता येईल.

आता मनाने जमिनीत उतरा. खोडाजवळची जाड मुळे झाडाला धरून ठेवतात. पाणी पितात ती दूरची, केसासारखी बारीक मुळे, फांद्यांच्या सावलीच्याही पलीकडे पसरलेली. आज खणले तर नेमकी तीच मागे राहतील.

म्हणून त्याला एक वर्ष द्या. यंदाच्या आर्द्रा नक्षत्रात खोडाभोवती अर्धाच चर घ्या. खोड 4 इंच जाड असेल तर आतला मातीचा गोळा साधारण 40 इंच रुंद राहू द्या. मुळे धारदार पात्याने स्वच्छ कापा, चर शेणखत मिसळलेल्या मातीने भरा. उरलेला अर्धा चर फुलांचा बहर सरल्यावर, दिवाळीनंतर. कापलेल्या टोकांशी नवी बारीक मुळे फुटू लागतील. आपल्या यवतमाळात मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो. तेव्हा त्या चराला खोलवर पाणी द्या. वरून काहीच दिसणार नाही. तरी रोज जाऊन बघा.

पुढच्या पावसात वाफशाची वाट पाहा. आपली काळी माती ओली असली की कुदळीला चिकटते, सुकली की भेगाळते. मूठभर घेऊन दाबा: गोळा व्हावा आणि अंगठ्याने सहज फुटावा. तो दिवस धरा. फांद्या एक तृतीयांश छाटा. गोळ्याचे वजन पाचशे किलोच्या घरात जाईल, तेव्हा माणसे जमवा. ओले गोणपाट खालून गुंडाळा, खोडाला धरून उचलू नका. नव्या खड्ड्यात पूर्वी होते तेवढेच खोल बसवा आणि पाऊस उघडला तर पाणी द्या.

पाने गळतील. गळू द्या. नखाने सालीचा कण खरवडा. खाली हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. हलवलेल्या वर्षी कळ्या धरल्या तर खुडा, म्हणजे झाडाचे सारे बळ मुळांना मिळेल.