नाक, स्तन आणि आठवा अपवाद

माझा एक मित्र विमा कंपनीतून निवृत्त झालाय. गणपतीत जेवायला आला आणि भरल्या ताटावरून त्यानं निकाल देऊन टाकला, "आधी खाऊन फुगायचं, मग वजन उतरवायचं, आणि ओघळलेलं अंग आवळायचे पैसे बाकीच्या पॉलिसीवाल्यांनी भरायचे!" पुरणपोळीवर तुपाची धार चालू होती म्हणून मी गप्प बसलो. उत्तर इथं देतो.

निमित्त होतं आमच्या पाहुण्यातल्या करमाडच्या एका मुलीचं. ती शाळेत शिकवते, नवरा शेंद्र्याच्या एमआयडीसीत. तीन वर्षांत तिनं चाळीस किलो वजन उतरवलं. गावानं कौतुक केलं. पण मांस उतरलं तरी कातडी उतरत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात स्तनांखालच्या घडीत घाम साचतो, बुरशी धरते, कातडी सोलते. खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा पडल्या आहेत, फळ्यावर लिहिताना मान धरते. डॉक्टरांनी स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया सांगितली. विमा कंपनीनं कळवलं: सौंदर्यशस्त्रक्रिया, अपवाद क्रमांक आठ.

2018 साली निम्मा महाराष्ट्र डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन जेवणांच्या बाजूनं आणि निम्मा ऋजुता दिवेकरांच्या थोड्या थोड्या खाण्याच्या बाजूनं भांडत होता. मार्च 2025 मध्ये मौंजारोचं इंजेक्शन भारतात आलं आणि भांडणाला सुई मिळाली. सगळा वाद वजन कसं उतरवायचं याचा. पंगत उठल्यावर पत्रावळी कोणी उचलायच्या, हे कुणीच बोललं नाही. चरक त्या मानानं नीट बघत होता. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणूस सांगताना त्यानं नितंब आणि पोटाच्या जोडीला स्तनांचं हलणंही लक्षणातच धरलंय. म्हणजे स्तन रोगाच्या बाजूला. आमचा विमा त्यांना दागिन्यांच्या बाजूला ठेवतो.

नियम 2019 चे आहेत. विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांना अपवादांची एकच भाषा लावून दिली. सहावा अपवाद म्हणतो, लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळणार नाहीत. मात्र बीएमआय 40 असेल, किंवा 35 असून जोडीला आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार असलं काही गंभीर असेल, तर मिळतील. आठवा म्हणतो, प्लास्टिक सर्जरीचे मिळणार नाहीत. मात्र अपघात, भाजणं, कर्करोग, किंवा तब्येतीला थेट आणि तात्काळ धोका असेल, तर मिळतील. तसा दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरनं द्यायचा. मानदुखी थेट आहे, तात्काळ नाही. बुरशी तात्काळ आहे, पण मलमानं जाते आणि पंधरा दिवसांनी परत येते. म्हणजे चरबी घालवायला सहावा अपवाद दार किलकिलं करतो, आणि चरबी गेल्यावर उरलेल्या कातडीच्या तोंडावर आठवा तेच दार लावून घेतो.

इथवर माझा युक्तिवाद सरळ होता: हा दुखण्याचा प्रश्न आहे, दिसण्याचा नाही. तो मोडला त्या मुलीनंच. फोनवर म्हणाली, "काका, फॉर्मवर खरं लिहू का? मला बरं व्हायचंय, आणि बरं दिसायचंयपण."

मग मला कावसजी आठवला. इंग्रजांच्या फौजेतला हा बैलगाडीवाला 1792 च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. टिपूनं त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ वीटभट्टीवाल्या कुंभारानं नाकाच्या जागेवर मेण बसवलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, त्या मापानं कपाळाची कातडी सोडवली, वळवली आणि नाक केलं. मुंबई इलाख्याचे दोन गोरे डॉक्टर बघत होते. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हकिकत चित्रासकट छापून आली आणि युरोपातल्या सर्जनांनी हातात सुया घेतल्या. आता सांगा, कावसजीला कोणता तात्काळ धोका होता? नाकाविना तो जगतच होता, ईस्ट इंडिया कंपनीचं पेन्शनही खात होता. कुंभारानं त्याला चेहरा परत दिला, एवढंच. त्या कामाला आपण पराक्रम म्हणतो, भाषणांत मिरवतो. नाक कापलं की अब्रू जाते, हे आपल्या भाषेतच आहे. स्तन ओघळले की जे जातं, त्याला आपल्याकडे शब्दच नाही. लाज आहे, तीही तिनंच बाळगायची.

मित्राचा एक मुद्दा मात्र खरा आहे. विमा म्हणजे सगळ्यांची भिशी. सीमा आखावीच लागते. पण कशानं? अमेरिकेत पॉल श्नर नावाच्या प्लास्टिक सर्जननं 1991 साली सर्जनांनाच विचारून एक तक्ता केला: शरीराच्या पृष्ठफळाच्या मानानं किती ग्रॅम ऊती काढली तर शस्त्रक्रिया वैद्यकीय समजायची. तिथल्या विमा कंपन्यांनी तो तराजू उचलला आणि ग्रॅमवर दावे तोलायला लागल्या. करमाडची मुलगी त्या तराजूत नापास होण्याचीच शक्यता जास्त. तिचं वजन तिनं आधीच घामावाटे दिलंय. उरलीय कातडी, आणि कातडी हलकी असते. जिनं काहीच केलं नाही ती पास, जिनं चाळीस किलो उतरवले ती नापास.

माझं मागणं फार नाही. आठव्या अपवादातला 'तात्काळ' हा शब्द काढा. त्याजागी 'उपचार करूनही न हटणारा' एवढं लिहा. दिसण्याबद्दल तिला विचारूच नका. कावसजीला कुणी विचारलं नव्हतं.

तोवर आहे त्या कलमाशी झगडायचं. डॉक्टरांकडून मलमांच्या चिठ्ठ्या, तारखा, फोटो आणि दाखला घ्यायचा, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तीही फेटाळली तर आपल्या भागासाठी विमा लोकपाल पुण्यातच बसतो. फी लागत नाही, वकील लागत नाही. मुदत कंपनीनं तक्रार फेटाळल्यापासून एक वर्ष. पहिल्या नकारानंतर तिचे चार महिने असेच गेले आहेत.